वाचकांचे प्रश्न: रानातल्या संशोधनाला पैसा कुठून आणि कसा?

आफ्रिकेतले तरुण संवर्धन-संशोधक पाच-सहा हजार पाउंडांच्या छोट्या निधीवर काम कसे उभे करतात, याची ओळख गेल्या अंकात करून दिली होती. त्यावर नागपूर, रामटेक, भंडारा, वर्धा इथून पत्रे आली. एकाच मुद्द्यावरची पत्रे आम्ही एकत्र केली आहेत. निधीच्या रकमा आणि अटी अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या आधी त्या निधीच्या संकेतस्थळावरची चालू वर्षाची सूचना जरूर वाचा.

आमच्या महाविद्यालयात युगांडाची एक विद्यार्थिनी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पुढच्या उन्हाळ्यात ती परत जाईल. कंपाला शहरातल्या गिधाडांवर काम करायची तिची इच्छा आहे. तिला कुठे अर्ज करायला सांगू?
– प्राध्यापिका, धरमपेठ, नागपूर

विषय फार चांगला निवडला आहे. हूडेड व्हल्चर हे लहान चणीचे गिधाड कंपालात कत्तलखाने आणि कचराडेपो यांच्या आधाराने जगते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघाच्या लाल यादीत ते अतिसंकटग्रस्त आहे. आपल्या भांडेवाडीच्या डेपोवर घारी जशा रोज दिसतात, तसा हा पक्षी तिथे शहरातच मोजता येतो. जीप लागत नाही, तंबू लागत नाही, हत्यारबंद रक्षक सोबत घ्यावा लागत नाही. पहिल्या निधीसाठी असाच विषय हवा, कारण छोट्या रकमेत तो खरोखर पूर्ण होतो.

पहिला अर्ज तिने ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनकडे करावा. हा निधी विकसनशील देशांतल्या निसर्ग-संवर्धनासाठीच आहे, आणि मागे मोठी संस्था नसलेल्या तरुणालाही तिथे अर्ज करता येतो. अनेक वर्षे पहिल्या टप्प्याची कमाल मर्यादा ६,००० पाउंड होती. पुढचे टप्पे मोठ्या रकमांचे असतात, पण आधीच्या टप्प्याचा अंतिम अहवाल दिल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. तीन संदर्भदात्यांची नावे लागतात. त्यातले एक तुमचे असेल, पण तिन्ही नागपूरची नकोत. निदान एक जण युगांडात काम करणारा, तिथली परिस्थिती जाणणारा हवा.

दुसरा पर्याय अबुधाबीचा मोहम्मद बिन झायेद प्रजाती संवर्धन निधी. इथे अर्ज एका विशिष्ट प्रजातीभोवती बांधायचा असतो. कमाल मर्यादा २५,००० डॉलर असली तरी मिळणाऱ्या रकमा बहुधा त्याहून बऱ्याच लहान असतात. वर्षातून तीन फेऱ्या होतात, त्यामुळे एक फेरी हुकली तर वर्ष वाया जात नाही. कमी ज्ञात प्रजातींना इथे चांगली संधी असते.

कॉन्झर्व्हेशन लीडरशिप प्रोग्राम हा बर्डलाइफ, फॉना अँड फ्लोरा आणि वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी यांचा एकत्रित कार्यक्रम. तो एकट्याला पैसे देत नाही. किमान तिघांचा संघ लागतो, संघप्रमुख त्याच देशाचा असावा लागतो आणि सदस्यांचा पगारी अनुभव पाच वर्षांच्या आत असावा लागतो. तिने परत गेल्यावर दोन जोडीदार शोधले, तर दुसऱ्या वर्षी हा अर्ज करता येईल.

ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीचा आफ्रिकेतल्या परिसंस्था-शास्त्रज्ञांसाठी खास निधी आहे, ८,००० पाउंडांपर्यंतचा. अर्जदार जागतिक बँकेच्या वर्गवारीत अल्प किंवा निम्न-मध्यम उत्पन्न असलेल्या आफ्रिकी देशाचा नागरिक हवा, त्याच्याकडे एम.एस्सी. किंवा समकक्ष पदवी हवी आणि आफ्रिकेतल्याच विद्यापीठाशी किंवा संशोधन संस्थेशी तो जोडलेला हवा. युगांडा या अटीत बसतो. दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवाना उच्च-मध्यम उत्पन्न गटात असल्याने बसत नाहीत. ही वर्गवारी दर वर्षी १ जुलैला नव्याने ठरते, एवढे लक्षात असू द्या. नागपुरात असेपर्यंत तिला हा अर्ज करता येणार नाही. कंपालाच्या मेकेरेरे विद्यापीठासारख्या ठिकाणी तिचे नाव जोडले गेले की मग करावा.

दुर्बीण, जीपीएस, कॅमेरा एवढेच हवे असेल तर अमेरिकेतली आयडिया वाइल्ड ही संस्था रोख पैशांऐवजी उपकरणेच देते. अर्ज सुटसुटीत असतो. आधी उपकरणे तिथून मिळवली, तर रफर्डच्या अंदाजपत्रकातली जागा माणसांच्या रोजीसाठी मोकळी राहते. मात्र एकाच गोष्टीसाठी दोन ठिकाणी पैसे मागू नयेत, आणि दुसरीकडे केलेल्या अर्जाची माहिती दोन्ही अर्जांत स्वतःहून द्यावी. ती लपवली आणि नंतर कळली, तर त्या निधीचे दार कायमचे बंद होते.

तुमच्यासाठी एक वेगळी सूचना. ती नागपुरात असताना सरावासाठी इथल्या पक्ष्यांची पिसे, विष्ठा किंवा रक्त गोळा करणार असेल, तर थांबवा. जैवविविधता कायदा, २००२ नुसार परदेशी नागरिकाला भारतातले जैविक नमुने संशोधनासाठी घ्यायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आगाऊ मंजुरी लागते. दुर्बिणीने मोजणी करणे वेगळे आणि नमुना पिशवीत घालणे वेगळे. उलट दिशेनेही हेच लागू आहे. कंपालातले नमुने तपासायला नागपूरला आणायचा बेत अर्जात नसावा. गिधाडे साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत असल्याने निर्यात-परवाना लागतो, शिवाय जैविक संसाधनांच्या वापराबद्दलच्या नागोया करारानुसार युगांडाची संमती लागते. बारा महिन्यांच्या प्रकल्पात हे कागद वेळेत हाती येतील याचा भरवसा नाही. तपासणी तिथल्याच प्रयोगशाळेत होईल असे लिहावे.

अर्जातला खर्चाचा तक्ता कसा भरायचा? मर्यादा ६,००० पाउंड असेल तर पूर्ण मागावे की कमी?
– एम.एस्सी.चे दोन विद्यार्थी, वर्धा

मर्यादेकडे पाहून तक्ता भरायला बसलात की तो चुकलाच म्हणून समजा. आधी कामाचे दिवस मोजा, मग दर लावा. वरचेच कंपालाचे काम घेऊ. दर फक्त हिशेब समजावा म्हणून धरले आहेत.

मोजणीच्या १० जागा, प्रत्येक जागी महिन्यातून दोनदा सकाळी मोजणी. दोघांचा गट एका दिवसात दोन जागा करतो, म्हणजे १० जागांना ५ दिवस, महिन्याला १० दिवस आणि वर्षाला १२० दिवस. दोन माणसे म्हणजे २४० मनुष्यदिवस. माणशी दिवसाला जेवण आणि भत्ता मिळून ८ पाउंड धरले तर १,९२० पाउंड. शहरात फिरायला बोडाबोडा, म्हणजे तिथली भाड्याची मोटरसायकल, गटाला दिवसाला ६ पाउंड, म्हणजे ७२०. दोन दुर्बिणी २४०. परवाने आणि नैतिकता समितीचे शुल्क ४००. कत्तलखान्यातल्या कामगारांबरोबर चार बैठका, प्रत्येकी १५० प्रमाणे ६००. फोन, डेटा, छपाई ३६०. विमा, लस, प्रथमोपचार २६०. बेरीज ४,५००. त्यावर ५ टक्के आकस्मिक खर्च २२५. एकूण ४,७२५ पाउंड.

मग ४,७२५ च मागा. वरचे १,२७५ भरून काढायला लॅपटॉप घुसवला, तर तपासणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. वर्षभर शहरात मोजणी करायला नवा लॅपटॉप कशाला, याचे उत्तर तुमच्याकडे नसते. उलट प्रत्येक ओळीपुढे गुणाकार दिसला, तर तक्त्यावर सहज विश्वास बसतो. "प्रवास – १,५०० पाउंड" अशी एकच ओळ बिनकामाची. "१२० दिवस गुणिले ६" ही ओळ कामाची.

दोन गोष्टी हमखास सुटतात. एक, विनिमय दर. अर्ज केल्यापासून पैसे हाती पडेपर्यंत सहा-आठ महिने जातात आणि तेवढ्यात स्थानिक चलनाचा भाव हलतो. आजच्या भावापेक्षा थोडा कमी भाव धरून तक्ता करा आणि कोणत्या तारखेचा कोणता भाव धरला ते खाली लिहा. दोन, बँकेची कात्री. परदेशातून येणारी रक्कम मधल्या एक-दोन बँकांतून जाते आणि प्रत्येक बँक आपले शुल्क कापते. सगळे शुल्क पाठवणाऱ्याने भरावे अशी विनंती देणाऱ्या संस्थेला करता येते. ती मान्य झाली नाही तर त्यासाठी वेगळी ओळ ठेवा.

स्वतःच्या पगाराबद्दल स्पष्ट सांगायला हवे. छोटे निधी प्रामुख्याने कामासाठी असतात. निम्म्याहून जास्त रक्कम अर्जदाराच्या मानधनात गेली की अर्ज बाजूला पडतो. पण क्षेत्र-सहायकाची रोजी मात्र कमी दाखवू नका. तिथला बाजारभाव लिहा. गावातल्या माणसाला अर्ध्या रोजीवर राबवणारा प्रकल्प लोकसहभागाच्या गप्पा करू लागला, तर ते कागदावरही दिसते.

पवनी भागात रानमांजर आणि इतर लहान मांसाहारी प्राण्यांवर काम करायचे आहे. २० कॅमेरा ट्रॅप मागणार आहोत. अजून काय मागावे लागेल?
– निसर्गमित्र मंडळ, भंडारा

कॅमेरा ट्रॅप म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्याची किंमत हा खर्चाचा फक्त पहिला भाग. बऱ्याच कॅमेऱ्यांना पेन्सिल सेल लागतात, आठ. २० कॅमेरे म्हणजे १६० सेल. साधे अल्कलाइन सेल महिन्या-दीड महिन्याने बदलायचे म्हटले तर तीन महिन्यांत दोन ते तीन फेऱ्या, म्हणजे ३२० ते ४८० सेल आणि तेवढा कचरा. पुन्हा चार्ज होणारे एनआयएमएच सेल घेतले तर प्रत्येक कॅमेऱ्याला दोन संच, एक कॅमेऱ्यात आणि एक चार्जिंगला, असे ३२० सेल आणि किमान चार चांगले चार्जर. पहिल्या वर्षी महाग पडते, दुसऱ्या वर्षी वसूल होते. मेमरी कार्डही प्रत्येक कॅमेऱ्याला दोन. एक कार्ड घेऊन परत येताना कॅमेरा रिकामा राहिला, तर तेवढ्या रात्री गेल्या. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या विसरू नका. आणि दहात एक या हिशेबाने दोन जादा कॅमेरे.

आफ्रिकेतल्या हत्तीच्या मुलखात कॅमेरे सोंडेने उपटले जातात, तरस ते चावतात, म्हणून तिथे लोखंडी पेटी आणि बोल्ट हा खर्च धरावाच लागतो. आपल्याकडे पेटी लागते ती चोरीसाठी. साखळी आणि कुलूप वेगळे धरा. त्याहून मोठा धोका आगीचा. मोहफुले वेचण्याच्या आणि तेंदूच्या हंगामात जंगलात आगी लागतात, आणि नेमके त्याच दिवसांत कॅमेरे लावायचा बेत अनेक अर्जांत असतो. कॅमेऱ्याभोवती दोन मीटरपर्यंतचा पाचोळा काढण्याची परवानगी वनरक्षकाकडून घेऊन ठेवा.

आता खरी तांत्रिक अडचण. कॅमेऱ्यातला सेन्सर प्राण्याच्या अंगाचे आणि मागच्या जमिनीचे तापमान यांतला फरक ओळखतो. विदर्भात मे महिन्यात दुपारी जमीन आणि प्राण्याचे अंग यांतला हा फरक फार कमी होतो, आणि समोरून गेलेला प्राणी टिपलाच जात नाही. मग "प्राणी नाही" आणि "प्राणी टिपला नाही" यांची गल्लत होते. थंडीतल्या आणि उन्हाळ्यातल्या नोंदींची सरळ तुलना करणारा अर्ज जाणकार तपासनीस तिथेच थांबवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा एकच काळ घ्या. ४० जागा, प्रत्येक जागी ३० रात्री, २० कॅमेरे दोन पाळ्यांत, एवढे पुरते. हे १,२०० कॅमेरा-रात्रींचे काम झाले आणि अर्जात हा आकडा लिहायलाच हवा.

परवानगी आधी काढायची की पैसा? परवानगीवाले विचारतात निधी कुठे आहे, निधीवाले विचारतात परवानगी कुठे आहे.
– पीएच.डी. विद्यार्थिनी, सिव्हिल लाइन्स, नागपूर

हा गुंता आफ्रिकेतही तसाच आहे. दोन्हीकडे सुटतो तो एका कागदाने. तो कागद म्हणजे, निधी मिळाल्यास परवानगी देण्यास किंवा सहकार्य करण्यास हरकत नाही असे संबंधित कार्यालयाचे किंवा यजमान संस्थेचे पत्र. अर्ज केल्याची पोच तरी जोडाच. "परवानगी घेतली जाईल" या वाक्याला काही किंमत नाही.

तुमचे एक भाग्य असे की महाराष्ट्राच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) आणि मुख्य वन्यजीव रक्षक यांचे कार्यालय नागपुरातच, वनभवनात आहे. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांना ज्यासाठी रेल्वेने यावे लागते, ते तुम्हाला सकाळी जाऊन विचारता येते. अभयारण्यात संशोधनासाठी प्रवेश हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली येतो. प्राणी पकडायचा, पिंजरा लावायचा किंवा गळ्यात कॉलर घालायची असेल तर कलम १२. कायद्याच्या व्याख्येत प्राण्याला पकडणे हे "शिकार" या शब्दात बसते, म्हणून संशोधनासाठीही वेगळा परवाना लागतो, आणि पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. पहिल्या निधीच्या प्रकल्पात प्राण्याला हात लावावा लागेल असे काही ठेवूच नका.

तुमच्या पत्रात उल्लेख असलेल्या, केनिया आणि टांझानियात काम करणाऱ्या मैत्रिणींसाठी: केनियात नाकोस्टी या राष्ट्रीय आयोगाचा संशोधन-परवाना आणि वन्यजीवांसाठी नैवाशाच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड ट्रेनिंग इन्स्टिट्यूटची मंजुरी लागते. टांझानियात कॉस्टेक या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाचा परवाना आणि तविरी या वन्यजीव संशोधन संस्थेची शिफारस. युगांडात राष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान परिषदेची नोंदणी आणि वन्यजीव प्राधिकरणाची परवानगी. लोकांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर नैतिकता समितीची मान्यता त्याच्याही आधी. हे क्रमाने होते, एकाच वेळी नाही, म्हणून वेळापत्रकात त्याला स्वतंत्र जागा द्या.

वेळापत्रक पावसाकडून मागे मोजत यावे. आपल्या व्याघ्र प्रकल्पांचा गाभा पावसाळ्यात बंद असतो. पूर्व आफ्रिकेत मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, मधले जून ते सप्टेंबर कोरडे. जूनला काम सुरू करायचे तर निधीचा अर्ज आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात गेला पाहिजे.

परदेशी निधी मंजूर झाला. पैसे माझ्या बचत खात्यात घेतले तर चालेल का?
– संशोधक विद्यार्थी, रामटेक

घेऊ नका. शिष्यवृत्ती वेगळी आणि प्रकल्प-निधी वेगळा. प्रकल्पासाठी आलेला परदेशी पैसा विदेशी योगदान नियमन कायद्याच्या, म्हणजे एफसीआरएच्या कक्षेत येऊ शकतो, आणि नियमभंग झाला तर त्रास तुम्हालाच होतो. सरळ मार्ग असा की एफसीआरए नोंदणी असलेली संस्था यजमान म्हणून शोधायची आणि अर्जातच तिचे नाव द्यायचे. मंजुरीनंतर संस्था बदलायला गेलात तर करार नव्याने करावा लागतो.

२०२० च्या दुरुस्तीनंतर तीन गोष्टी बदलल्या आहेत. परदेशी पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी येतो. एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. दुसरा मुद्दा नीट समजून घ्या. "मुंबईची संस्था पैसे घेईल आणि आमच्या रामटेकच्या मंडळाला देईल" ही जुनी पद्धत आता बेकायदा आहे. मुंबईच्या संस्थेने स्वतः खर्च करायचा, तुम्हाला प्रकल्पावर नेमायचे, बिले तिच्या नावाने घ्यायची, हे चालते. तुमच्या मंडळाला स्वतःची नोंदणी हवी असेल तर किमान तीन वर्षांचे काम आणि त्या काळात १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. करारावर सही करण्याआधी हा कायदा जाणणाऱ्या सनदी लेखापालाला एकदा दाखवा. त्याची फी त्रासापेक्षा नक्कीच कमी असेल.

आमचा अर्ज दोनदा परत आला. कारण कळवले नाही. मसुदा सोबत जोडला आहे.
– तिघांचा संघ, महाल, नागपूर

मसुदा वाचला. त्यातले पहिले वाक्य असे आहे: "या प्रकल्पाचा उद्देश विदर्भातील गिधाडांचे संवर्धन करणे व लोकांमध्ये जनजागृती करणे हा आहे." कारण याच वाक्यात आहे. वर्षभराने हे झाले की नाही, ते कसे मोजणार? संवर्धन ही इच्छा झाली. निधी मिळतो तो प्रश्नाला. असे लिहून पाहा: "अमुक तीन तालुक्यांतल्या किती कड्यांवर गिधाडांची वापरातली घरटी आहेत, आणि त्यांच्यापासून २५ किलोमीटरच्या आतल्या औषध-दुकानांत जनावरांसाठी कोणती वेदनाशामक औषधे विकली जातात?" आता तपासणाऱ्याला कळते की कडे मोजायचे आहेत, दुकाने मोजायची आहेत आणि शेवटी एक नकाशा हाती येणार आहे.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. गिधाडे कमी होण्याची कारणे म्हणून तुम्ही आफ्रिकेतल्या लेखांतली यादी तशीच उतरवली आहे. आपल्याकडे गिधाडे कोसळली ती मुख्यतः डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे. हे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००४ साली हे सिद्ध झाले आणि २००६ साली भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. आफ्रिकेतले मुख्य कारण विषप्रयोग. सिंह-तरसांना मारायला मेलेल्या जनावरावर कीटकनाशक टाकले जाते आणि गिधाडे त्यात मरतात. हत्तींची शिकार करणारे तर मुद्दाम विष टाकतात, कारण घिरट्या घालणारी गिधाडे वनरक्षकांना मेलेल्या हत्तीचा ठावठिकाणा दाखवतात. २०१९ साली बोत्सवानात एका घटनेत ५३७ गिधाडे गेली. त्याशिवाय पश्चिम आणि दक्षिण आफ्रिकेत पारंपरिक औषधांसाठी गिधाडांच्या अवयवांचा व्यापार आहे. कारण वेगळे तर उपायही वेगळा. कंपालाच्या अर्जात औषध-दुकानांची पाहणी जशी अस्थानी ठरेल, तसा तुमच्या अर्जातला शिकाऱ्यांच्या विषाचा परिच्छेद अस्थानी ठरला आहे. तपासणाऱ्याला वाटते की या मुलांनी आपल्या मुलखाकडे पाहिलेलेच नाही.

तिसरे, संघातल्या तिघांची कामे वेगळी दिसत नाहीत. तिघेही "क्षेत्रकार्य व जनजागृती" करणार आहेत. एकाने मोजणी, एकाने दुकानांची पाहणी, एकाने नोंदींचे विश्लेषण असे वाटून द्या आणि ज्याला जे येते त्याचा पुरावा एका ओळीत लिहा.

जनजागृतीबद्दल आमचे मत ठाम आहे. शाळेत पोस्टर लावून गिधाड वाचत नाही. औषध-विक्रेता आणि गावातला पशुवैद्यकीय कर्मचारी यांच्याशी बोलून वाचू शकते. पोस्टरचे पैसे तिकडे वळवा.

मुलगी म्हणते पुढेही हेच काम करणार. अशा निधीवर घर चालते का?
– पालक, हिंगणा रोड

फक्त यावर नाही. हे निधी वर्षभराच्या कामाचा खर्च देतात, उपजीविका देत नाहीत. उपजीविकेसाठी फेलोशिप हवी. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप (जेआरएफ) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे. ओबीसी, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी पीएच.डी.ची फेलोशिप महाज्योती देते, तिचे मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी. छोटा निधी या फेलोशिपला जोड म्हणून घ्यावा. आफ्रिकेतली मुलेही असेच दोन पायांवर उभी राहतात. पोटासाठी टांझानियातल्या म्वेकासारख्या वन्यजीव महाविद्यालयात, एखाद्या राष्ट्रीय उद्यानात किंवा विद्यापीठात नोकरी, आणि संशोधनासाठी रफर्डसारखा निधी. नायजेरियातल्या जोस इथल्या लेव्हेंटिस पक्षिशास्त्र संस्थेत एम.एस्सी.साठी शिष्यवृत्ती असते. ट्रॉपिकल बायॉलॉजी असोसिएशनची क्षेत्र-शिबिरे पूर्व आफ्रिकेत आणि मादागास्करात भरतात, आफ्रिकी विद्यार्थ्यांना तिथे मदतनिधी मिळतो. पुढचे बरेचसे संघ तिथल्या ओळखींतूनच जमतात.

संदर्भपत्र मागायला विद्यार्थी येतात. काय लिहावे?
– निवृत्त प्राध्यापक, वर्धा

"मेहनती व होतकरू" एवढेच लिहिलेले पत्र अर्जाला काहीच मदत करत नाही. विद्यार्थ्याने कोणते काम, किती दिवस, कोणत्या पद्धतीने केले आणि अडचण आल्यावर काय केले, हे लिहा. तो पैशांचा हिशेब ठेवतो का, हेही लिहा. कारण निधी देणाऱ्याला तेच सगळ्यात जास्त जाणून घ्यायचे असते आणि ते सहसा कोणी लिहीत नाही. विद्यार्थ्याकडून अर्जाचा मसुदा आधी मागून वाचा. पत्रात एक प्रजाती आणि अर्जात दुसरी, असे झाले की दोघांचीही पत जाते.

निधी मिळाला, काम सुरू आहे. रानात पावत्या कुठून आणायच्या?
– क्षेत्र-संशोधक, देवलापार

पावती-पुस्तक बरोबर ठेवा. तारीख, कामाचे दिवस, दर, रक्कम, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि साक्षीदार एक. पूर्व आफ्रिकेत सहायकांची रोजी एम-पेसासारख्या मोबाइल-पैशाने दिली जाते आणि त्याचे विवरणपत्र हाच पुरावा होतो. इथे यूपीआयने दिलीत तर तेच होईल, फक्त पैसे प्रकल्पाच्या खात्यातून जाऊ द्या, स्वतःच्या नव्हे. थर्मल कागदावरची पेट्रोलची बिले चार महिन्यांत कोरी होतात, त्याच दिवशी त्यांचा फोटो काढा. एका ओळीतले पैसे दुसऱ्या ओळीत वापरायचे असतील तर खर्च करण्याआधी दोन ओळींचा ईमेल पाठवून होकार घ्या. बहुतेक वेळा होकार येतो. खर्च झाल्यावर विचारले तर तो अहवालात अडतो आणि पुढचा टप्पाही अडतो. आणि अहवालाची मराठी प्रत, नोंदींच्या नकाशासह, परिक्षेत्र कार्यालयात आणि ज्या गावांत काम केले त्या ग्रामपंचायतींत आठवणीने द्या.